मुंबईत पाहुणे म्हणून आलात, तर सकाळी बसून निवांत नाश्ता करायची जागा कशी शोधाल

मुंबईत नाश्त्याला काय मिळतं, हा प्रश्नच नाही. पोहे, उपमा, इडली, मिसळ, बन-मस्का, खिमा-पाव, पुरी-भाजी, ऑम्लेट, थालीपीठ, आप्पे, सगळं मिळतं आणि बहुतेक ठिकाणी चांगलं मिळतं. पंचाईत होते ती बसण्याची. टेबल मिळालं तरी पाठीशी दोन माणसं उभी असतात, वेटर ताट उचलायला टपलेला असतो आणि चहा गार व्हायच्या आत बिल टेबलावर येतं. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला हे शहर उद्धट वाटतं, त्यात सकाळच्या गर्दीत उभ्याउभ्या गिळलेल्या नाश्त्याचा वाटा बराच असतो.

याच शहरात, त्याच हॉटेलात, त्याच टेबलावर दोन तास आधी गेलात तर पेपर चाळत अर्धा-पाऊण तास बसता येतं. मुंबईत निवांतपणा जागेपेक्षा वेळेवर जास्त अवलंबून असतो, त्यामुळे आधी घड्याळ ठरवायचं, मग दिशा, मग मोहल्ला आणि सगळ्यात शेवटी हॉटेलचं नाव. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेलं नाव घेऊन निघतात आणि रविवारी दहा वाजता तिथल्या रांगेत जाऊन उभे राहतात.

आधी ठरवा, निवांत म्हणजे काय

हे घरून निघायच्या आधी, सोबतच्या माणसांना विचारून ठरवा. कुणाला शांतता हवी असते. कुणाला गजबज चालते, पण घाई नको असते. कुणाला जुनी लाकडी खुर्ची आणि संगमरवरी टेबल हवं असतं, कुणाला एसी आणि स्वच्छ बाथरूम. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास असेल, तर दोन पायऱ्यांचं इराणी हॉटेल कितीही देखणं असलं तरी उपयोगाचं नाही.

ढोबळमानाने मुंबईत बसून नाश्ता करायच्या जागा चार प्रकारच्या. मराठी उपाहारगृहं, ज्यांचा जीव दादर-गिरगावात आहे. उडुपी आणि तमिळ पद्धतीची हॉटेलं, ज्यांचं माहेर माटुंगा. इराणी, धोबी तलाव ते कुलाबा आणि तुरळक इतरत्र. आणि नव्या पद्धतीचे कॅफे, वांद्रे-खार-फोर्टात. शेवटच्या प्रकारात बसण्याची मुभा सगळ्यात जास्त, पण उघडतात उशिरा आणि एका कॉफीच्या पैशात उडुप्याकडे दोघांचा पोटभर नाश्ता होतो. इराण्याकडे बसू देतात, पण पदार्थ मोजके. उडुप्याकडे पदार्थ भरपूर, पण टेबल सतत हलतं ठेवायचं असा त्यांचा धंद्याचा हिशोबच आहे. कमी दरात चांगलं खायला घालायचं म्हणजे एका खुर्चीवर सकाळभरात बरीच गिऱ्हाइकं बसायला हवीत. हे एकदा समजून घेतलं की वेटरच्या घाईचा राग येत नाही.

खोली आरक्षित करतानाच एक गोष्ट पाहून ठेवा. आरक्षणाच्या साइटवर 'सीपी' लिहिलं असेल तर नाश्ता खोलीभाड्यात धरलेला असतो, 'ईपी' म्हणजे नुसती खोली. मुंबईत मध्यम दर्जाच्या लॉजमधला फुकटचा नाश्ता म्हणजे बहुधा ब्रेड-बटर, कोमट पोहे आणि थर्मासमधला चहा. दोन दरांत चांगला फरक असेल तर ईपी घ्या आणि ते पैसे बाहेर खर्च करा.

घड्याळ

कामाच्या दिवशी सकाळी सात ते सव्वाआठ हा सोन्याचा वेळ. या वेळात उपाहारगृहात येतात ते फिरून परतलेले आजोबा, रात्रपाळी संपवून घरी निघालेले लोक आणि शाळेत मुलं सोडून आलेले आईबाप. कुणी कुणाच्या अंगावर येत नाही. साडेआठनंतर ऑफिसवाले येतात, साडेनऊला कडेलोट होतो आणि अकराच्या सुमाराला पुन्हा थोडी उसंत मिळते. अकरा ते बारा हाही वाईट वेळ नाही, फक्त तोवर काही पदार्थ संपलेले असतात आणि काही ठिकाणी जेवणाची तयारी सुरू झालेली असते.

शनिवार-रविवारी चित्र वेगळं. सात-साडेसातला रस्ते रिकामे आणि हॉटेलंही बऱ्यापैकी रिकामी, पण साडेआठपासून कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात. माटुंग्याच्या नावाजलेल्या हॉटेलांसमोर रविवारी नऊला फुटपाथवर घोळके उभे असतात. दारातला माणूस नाव लिहून घेतो आणि आपण कान टवकारून हाक ऐकायची. रविवारी जायचंच असेल तर उघडता उघडता पोहोचा किंवा जाऊच नका.

साप्ताहिक सुट्टीचा घोळ लक्षात ठेवा. दादर-माटुंगा पट्ट्यात काही ठिकाणं सोमवारी बंद असतात. माटुंग्याचं कॅफे मद्रास हे ठळक उदाहरण. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये गिऱ्हाईक ऑफिसांचं, म्हणून तिथे रविवारी शुकशुकाट. म्हणजे रविवारी फोर्टात नाश्ता शोधणं आणि सोमवारी माटुंग्यात शोधणं, दोन्ही टाळा.

काही दिवस तर आख्खा मोहल्लाच टाळायचा. मंगळवारी सिद्धिविनायकामुळे प्रभादेवी-दादरला गर्दी असते, अंगारकीला विचारूच नका. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. त्या दिवशी शिवाजी पार्काकडे जायचं ते अभिवादनासाठीच, मिसळीसाठी नव्हे. अनंत चतुर्दशीला आणि गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगाव मिरवणुकीचं असतं. ती बघायला जरूर जा, फक्त नाश्ता आधी उरकून घ्या. जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात, तेव्हा टॅक्सीच्या भरवशावर राहू नका.

गर्दीच्या उलट दिशेला

मुंबईची सकाळची लोकल दक्षिणेकडे धावते. साडेसातपासून अकरापर्यंत चर्चगेट आणि सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, त्याच वेळी तिथून उत्तरेकडे निघालेल्या गाड्यांत खिडकी मिळू शकते. म्हणून तुम्ही फोर्ट-कुलाब्यात उतरला असाल, तर नाश्त्याला दादर-माटुंग्याला जाणं सोपं आहे. सीएसएमटीहून धीमी लोकल पकडा आणि माटुंग्याला उतरा. ठाणे-बोरिवलीला नातेवाइकांकडे उतरला असाल आणि धोबी तलावचा बन-मस्का डोक्यात असेल, तर एक तर साडेसहाची गाडी पकडा, नाहीतर तो बेत रविवारी सकाळी करा. रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुतेक वेळा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद, असतो, साधारण साडेदहा-अकरापासून दुपारपर्यंत. आदल्या दिवशीच्या पेपरात वेळा येतात. सकाळी लवकर जाऊन ब्लॉक सुरू व्हायच्या आत परतता येतं.

माटुंग्याच्या नावाने नवखे लोक हमखास चकतात. मध्य रेल्वेवर माटुंगा, पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड आणि हार्बरच्या अंधेरी-गोरेगाव फाट्यावर किंग्ज सर्कल, अशी तीन वेगवेगळी स्थानकं आहेत. दक्षिण भारतीय हॉटेलांसाठी मध्य रेल्वेवरचं माटुंगा, पूर्वेकडे बाहेर पडायचं. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. उतरलात की आजूबाजूला जरा बघा. 2017 पासून हे स्थानक पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, देशात बहुधा असं हे पहिलंच.

2025 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो 3 आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. पाहुण्यांसाठी ही फार मोठी सोय. दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक ही स्थानकं एका ओळीत येतात, म्हणजे नाश्त्याचे जुने मोहल्ले जवळजवळ सगळे एका मार्गावर. सामान असेल, सोबत म्हातारं माणूस असेल तर लोकलऐवजी मेट्रोच घ्या.

मोहल्ले

*माटुंगा.* एकच सकाळ हाताशी असेल तर मी पाहुण्याला इथेच पाठवेन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आखून वसवलेला हा भाग. रुंद रस्ते, झाडं, तीनमजली इमारती. सरकारी आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांत कारकून-टंकलेखक म्हणून आलेली तमिळ-मल्याळी-कन्नड कुटुंबं इथे स्थिरावली आणि त्यांच्या मागोमाग त्यांची हॉटेलं आली. म्हैसूर कॅफे 1936 चं, रामाश्रय 1939 चं, कॅफे मद्रास 1940 चं. स्टेशनाबाहेर पूर्वेला पडलात की रामाश्रय जवळच आहे. म्हैसूर कॅफे आणि कॅफे मद्रास किंग्ज सर्कलच्या बाजूला, माहेश्वरी उद्यानाजवळ, दहाएक मिनिटं चालत.

रामाश्रय पहाटे पाचच्या सुमाराला उघडतं. रात्रीच्या बसने पहाटे दादरला उतरणाऱ्यांना हे माहीत हवं. लॉजवाले बाराच्या आत खोली देत नाहीत, हातात बॅग, डोळ्यांवर झोप. अशा वेळी दादरच्या क्लोकरूममध्ये सामान टाकायचं, एक स्टेशन पुढे माटुंग्याला जायचं आणि गरम इडली-फिल्टर कॉफीने सकाळ सुरू करायची. त्या वेळी हॉटेलात टॅक्सीवाले, फूलवाले आणि फिरायला निघालेले पेन्शनर असतात, आणि कुणी तुम्हाला ऊठ म्हणत नाही.

इथे नुसता मसाला डोसा मागवून परतणं म्हणजे पंढरपुरात जाऊन नामदेव पायरीवरूनच माघारी फिरणं. रसम वडा मागवा, पोडी इडली मागवा, नीर डोसा, पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) असेल तर तो घ्या. रामाश्रयचा अननसाचा शिरा आवर्जून खा. सांबार वेगळं हवं की इडलीवर ओतून, हे वेटर विचारतो, आणि वेगळं मागितलेलं बरं. कॉफी डबरा-टंबलरमध्ये येते, म्हणजे पसरट वाटी आणि उभा पेला. पेल्यातली कॉफी वाटीत ओतायची, पुन्हा पेल्यात, दोन-तीनदा. साखर मिसळते, फेस येतो आणि तोंड न भाजता पिता येते. शेजारच्या टेबलावरचे काका कसे करतात ते बघा, तसंच करा.

इथे टेबल लवकर सोडावं लागलं तरी वाईट वाटून घेऊ नका. निवांतपणाचा दुसरा भाग बाहेर आहे. पोट भरलं की चालत फाइव्ह गार्डन्सकडे जा. झाडांखाली बाकं आहेत, सकाळी सावली असते आणि तिथे कुणी बिल आणून ठेवत नाही.

*दादर.* मराठी पदार्थांसाठी हेच. स्टेशनाच्या पश्चिमेला बाहेर पडताच फुलबाजाराच्या गदारोळात मामा काणे यांचं स्वच्छ उपाहारगृह आहे, 1910 पासूनचं. बटाटावडा खायचा तर इथे. पण बसून गप्पा मारायच्या असतील तर जरा पुढे, शिवाजी पार्काच्या दिशेला सरका. गोखले रोडवर प्रकाश, तिथला साबुदाणा वडा आणि पियुष. सेनाभवनासमोर आस्वाद, 1986 पासून. आस्वादच्या मिसळीला 2015 मध्ये फूडी हबच्या पुरस्कारात जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं आणि तेव्हापासून रांग वाढली ती वाढलीच. माझं मत विचाराल तर मिसळ सगळे मागवतात, तुम्ही थालीपीठ-लोणी मागवा. मिसळीचं म्हणाल तर कोल्हापूर-नाशिकहून आलेल्यांना मुंबईची मिसळ सौम्य वाटणारच. तिखट हवं असेल तर रस्सा आणि कांदा वेगळा मागा, वाद घालू नका.

दादरला उपवासाचे वार फार पाळतात. एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार या दिवशी साबुदाण्याचे पदार्थ ताजे आणि भरपूर असतात, घाण्यावर घाणा निघत असतो. एरवी वडा मागवण्याआधी "आत्ताचा घाणा आहे का?" एवढं विचारा. दोन मिनिटं थांबावं लागलं तरी थांबा.

*गिरगाव आणि धोबी तलाव.* ठाकूरद्वारजवळ विनय हेल्थ होम आहे. नाव वाचून औषधांचं दुकान समजू नका, तिथली मिसळ नावाजलेली आहे. तिथून जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याने दक्षिणेकडे चालत गेलात की मेट्रो सिनेमासमोर कयानी लागतं, 1904 चं इराणी. मरीन लाइन्स स्टेशनावरूनही पाच-सात मिनिटांत पोहोचता. उंच छत, संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. इथे मराठी पाहुणे हमखास एका गोष्टीत गोंधळतात, ती सांगून ठेवतो. बन मऊ आणि किंचित गोड, ब्रुन म्हणजे कडक पाठीचा पाव. दातांचा प्रश्न असेल तर बन घ्या. ब्रुन घेतलात तर तो चहात बुडवूनच खायचा असतो, कोरडा चावत बसू नका. कडक चहा हवा तर "पानी कम" म्हणा. अंड्यांत अकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची भुर्जी, मांसाहारात खिमा-पाव. मावा केक दिसला की आधी बाजूला काढून ठेवायला सांगा, संपतो. इराणी हॉटेलं कधीकाळी शहरात नाक्यानाक्यावर होती. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत, आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या बदलण्याचा बोजाही बेकऱ्यांवर आला. म्हणून इराण्याकडे जाण्याआधी ते चालू असल्याची खात्री करून घ्या. जुने लेख आणि जुने व्हिडिओ यावर विसंबू नका.

*कुलाबा-फोर्ट.* गेटवेजवळ उतरलेल्यांसाठी ऑलिम्पिया कॉफी हाउस, 1918 पासूनचं. सकाळचा खिमा-पाव. समोरचं लिओपोल्ड जास्त प्रसिद्ध, पण तिथे सकाळी परदेशी पाहुणे जास्त असतात आणि दरही त्याच हिशोबाचे. सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी मिळते. भरपेट खाणं, पण रेंगाळायची ही जागा नव्हे. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया फार ऐकलेलं असतं, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण आहे, सकाळी नऊला जाऊन दार ठोठावू नका.

*भेंडी बाजार.* मांसाहारी असाल आणि सकाळीच जड खायची तयारी असेल तर नूर मोहम्मदीची नळी-निहारी. लवकर जा.

*वांद्रे.* नवे कॅफे बहुतेक आठ-नऊनंतर. हिल रोडवरची हर्श बेकरी जुनी, घ्यायचं आणि बाहेर खायचं अशी. लॅपटॉप उघडून दोन तास बसायचं असेल तर याच उपनगरात जा, दुसरीकडे लॅपटॉप काढू नका.

मोबाइलवर शोधताना

ज्या मोहल्ल्यात उतरलात तिथलं कुणी काही सुचवलं नसेल, तर नकाशावर शोधावंच लागतं. तिथे 'ब्रेकफास्ट' असा शब्द टाकलात की महागडे कॅफे आणि तारांकित हॉटेलं वर येतात. त्याऐवजी 'उपाहारगृह', 'उडुपी', 'लंच होम', 'हिंदू हॉटेल', 'रेस्टॉरंट अँड स्टोअर्स', 'बेकरी' हे शब्द टाका. 'रेस्टॉरंट अँड स्टोअर्स' हे इराण्यांचं ठेवणीतलं नाव. देवनागरीत एकदा आणि इंग्रजीत एकदा, दोन्हीकडून शोधा, कारण दुकानदाराने एकाच लिपीत नोंद केलेली असते.

ताऱ्यांचा आकडा फारसा उपयोगाचा नाही. चांगल्या उपाहारगृहाला हमखास एक-एक तारा देणारे लोक असतात. त्यांची तक्रार वाचा. "वेटर उद्धट, टेबल शेअर करायला लावलं" अशी तक्रार असेल तर जेवण चांगलं असण्याची शक्यता दाट. "चव पूर्वीसारखी राहिली नाही" असं अलीकडच्या महिन्यांत तीन-चार जणांनी लिहिलं असेल तर थांबा. परीक्षणं नेहमी 'नवीन आधी' लावून वाचा. फोटोत पदार्थ बघू नका, मागचं बघा. टेबलांमधलं अंतर, खुर्च्यांना पाठ आहे का, पंखे की एसी, पोटमाळा आहे का, दारात पायऱ्या किती. गर्दीचा तासवार आलेख नकाशावर दिसतो, तो तुम्ही जाणार त्या वाराचा उघडा.

मग रात्री नऊच्या आत फोन करा. "उद्या चालू आहे ना? सकाळी किती वाजता?" एवढे दोनच प्रश्न. नकाशावर लिहिलेली वेळ आणि तवा तापायची वेळ यात अर्ध्या तासाचा फरक असतो, म्हणून "डोसा किती वाजल्यापासून?" असं पदार्थाचं नाव घेऊन विचारलेलं चांगलं. लॉजच्या रिसेप्शनवर विचाराल तर ते आपल्याच रेस्टॉरंटचं नाव सांगतील. त्याऐवजी रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा की, "दादा, तुम्ही सकाळी चहा-नाश्ता कुठे करता?" त्याचं उत्तर जवळचं, स्वस्त आणि लवकर उघडणारं असतं. तिथे बसायला बाकडंच असेल, पण पहिल्या चहाची सोय झाली.

दारात उभं राहून

आत शिरण्याआधी अर्धा मिनिट बाहेर थांबा. गल्ल्यावरचा माणूस आपल्या वेटरशी कसा बोलतो ते ऐका. तो तिरसट असेल तर वेटरही तिरसटच असणार. टेबल पुसायचं फडकं बघा. आत पेपर वाचत बसलेलं एक जरी म्हातारं माणूस दिसलं तर निर्धास्त शिरा, या ठिकाणी बसू देतात. सगळ्यांच्या ताटांत एकच पदार्थ असेल तर तोच मागवा.

काही ठिकाणी एसीचा भाग वेगळा आणि त्याचे दरही वेगळे असतात. दारात दोन दरपत्रकं लावलेली असतात, ती वाचा. कूपन आधी घ्यायचं की बसून मागवायचं हेही दारातूनच कळतं. लोक गल्ल्यापाशी रांगेत असतील तर कूपन.

चौघांच्या टेबलावर तुम्ही दोघं असाल तर समोर अनोळखी माणसं येऊन बसतील. हा इथला रिवाज आहे. तुम्हाला जागा हवी असेल तरीही तसंच. "इथे कुणी आहे का?" असं विचारायचं, समोरचा मानेनेच "बसा" म्हणतो आणि आपलं खाणं चालू ठेवतो. त्याच्याशी बोललंच पाहिजे असं नाही. हवंच असेल तर त्याच्या ताटाकडे बोट दाखवून "हे काय आहे हो?" एवढं विचारा. मुंबईचा माणूस खाण्याबद्दल विचारलं की खुलतो आणि आणखी दोन ठिकाणं सांगतो.

मागवताना

सगळं एकदम मागवलंत की सगळं एकदम येतं, गार होतं आणि वीस मिनिटांत तुम्ही रस्त्यावर. बसायचं असेल तर टप्प्याटप्प्याने मागवा. आधी एक प्लेट काहीतरी वाफेवरचं, मग तव्यावरचं, शेवटी कॉफी किंवा चहा. टेबलावर काहीतरी यायचं बाकी आहे तोवर वेटर बिल आणत नाही. दोघांत एक घ्यायचं असेल तर "वन बाय टू" म्हणा, रिकामी बशी तो आपणहून आणतो. गर्दी वाढून दारात लोक ताटकळायला लागले की मात्र चहा संपवा आणि उठा. आपण त्यांच्या जागी असतो तर काय वाटलं असतं, ते माहीत आहे.

सोबत लहान मूल असेल तर त्याच्यासाठी साधी इडली आणि साखर-तूप सांगा, बहुतेक ठिकाणी काही न बोलता देतात. वयस्कर माणसं असतील तर भिंतीकडेची किंवा कोपऱ्यातली जागा मागा. मधल्या वाटेत ट्रे घेऊन पळणारे पोरगे धक्का देतात. पावसाळ्यात छत्र्या दारातल्या बादलीत ठेवायच्या असतात, आपल्यासारखी काळी छत्री दुसऱ्याची नाही ना, हे निघताना बघून घ्या.

बिल

जुन्या ठिकाणी अजूनही वेटर तोंडी आकडा ओरडतो आणि पैसे गल्ल्यावर द्यायचे असतात. यूपीआय जवळजवळ सगळीकडे चालतं, तरी इराण्याकडे जाताना सुट्टे पैसे जवळ ठेवा. रेस्टॉरंटच्या बिलावर सर्वसाधारणपणे जीएसटी पाच टक्के. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या उपाहारगृहाला तो गिऱ्हाइकाकडून वेगळा लावता येत नाही, अशा बिलावर तसं छापलेलं असतं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तशा सूचना काढल्या आहेत, तेव्हा कॅफेच्या बिलात तो आपोआप घातलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा. उडुप्याकडे आणि मराठी उपाहारगृहात हा प्रश्न येत नाही. तिथे बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवले की झालं, आणि तुम्हाला निवांत बसू दिलं असेल तर थोडे जास्त.

एक दुसरं नाव कायम हाताशी ठेवा, चालत पोहोचता येईल असं. माटुंग्यात एकीकडे रांग असली तर दोनशे पावलांवर दुसरं आहे. धोबी तलावला कयानी भरलेलं असेल तर चौकापलीकडे ससानियन आहे, 1913 चं. दादरला आस्वादपाशी घोळका दिसला तर गोखले रोडकडे वळा. आणि दोन्हीकडे जागा नसेल तर पार्सल घ्या. दादरहून शिवाजी पार्काचा कठडा जवळ आहे आणि सकाळी साडेआठपर्यंत तिथे बसायला भरपूर जागा असते.